एड्रियानोपल, हरलेल्यांच्या बाजूने

आमच्या घरात लढाई हरलेल्यांच्या बाजूने सांगायची पद्धत नाही. माझे वडील सांगायचे त्या सगळ्या लढायांत आपण मूठभर असायचो, डोंगरात असायचो, आणि समोर एक अवाढव्य फौज तंबू, तोफा, हत्ती आणि मुदपाकखाना घेऊन घामाघूम होत चाललेली असायची. तिचं पुढे काय होणार हे आम्हाला आधीच ठाऊक असायचं, म्हणून ऐकायला बरं वाटायचं. तीच पद्धत मी बहरीनला घेऊन आलो. लोक येताना लोणची, मसाले, देवाच्या तसबिरी आणतात. मी हे आणलं. ह्याला वजन नसल्यामुळे विमानतळावर कुणी अडवलं नाही.

अरादच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जो कुणी जेवायला येतो, त्याला हात धुऊन झाल्यावर माझी एक तरी लढाई ऐकावी लागते. पाहुणे पुन्हा येतात, त्या अर्थी मी बरी सांगत असणार असं मी धरून चालतो. बायकोच्या मते ते तिच्या सोलकढीसाठी येतात.

पोटापाण्यासाठी मी जुफैरच्या एका हॉटेलातली एसीची यंत्रं सांभाळतो. उन्हाळ्यात बहरीनमध्ये एसीवाल्याला देवासारखं बोलावतात आणि आल्यावर चोरासारखं वागवतात. जून उजाडला की मी सप्टेंबरपर्यंत थकलेला असतो. बावीस उन्हाळे झाले. आता हा थकवा अंगाला इतका बसलाय की तो नसला तर काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं.

अशाच एका जूनमधली ही गोष्ट. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची, दहावीचा निकाल नुकता लागलेला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. खाली तिचं बोलणं मी मराठीत लिहिलंय. त्यात काही अधिक-उणं असलं तर ते माझं आहे.

तिला अकरावीला इतिहास घ्यायचा होता. लहानपणापासून ही मुलगी अरादच्या किल्ल्यात गेली की बुरुजावर धावायची नाही, आधी माहितीची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. पण शाळेत त्या शाखेचा वर्ग छोटा, जागा मोजक्या, आणि हिला चार मार्क कमी पडले. शाळेने कॉमर्सचं माहितीपत्रक हातात दिलं. ती रडली नाही. घरी येऊन तिने ते माहितीपत्रक चार घड्या करून फ्रिजच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

बुधवारी इतिहासाच्या मिसचा मेल आला. एक शेवटची संधी होती. रविवारी सकाळी पालकांना घेऊन यायचं. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली, जर्मन टोळ्यांशी झालेली एखादी लढाई निवडायची आणि दहा मिनिटं तोंडी सांगायची. आवडलं तर इतिहास, नाहीतर कॉमर्स. खाली आणखी एक ओळ होती, ती मुलीने दोनदा वाचून दाखवली. लढाई हरलेल्यांच्या बाजूने सांगायची.

मी नुकताच कामावरून आलो होतो, बूटही काढले नव्हते. पण लढाई म्हटल्यावर माझी तब्येत एकदम खुलली.

"रविवारपर्यंत चार दिवस आहेत," मी म्हणालो. "तू काळजीच करू नकोस. मी आहे."

"त्याचीच काळजी आहे," बायको आतून म्हणाली.

मुलीने एड्रियानोपल निवडलं, गॉथ टोळ्यांनी रोमन फौज बुडवली ती लढाई. मी हॉटेलच्या तळघरात, यंत्रांच्या घरघरीत बसून दोन दिवस फोनवर त्याबद्दल वाचलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लढाई मांडली. भाजलेले शेंगदाणे म्हणजे रोमन फौज. काबुली चणे म्हणजे गॉथ. खजुरांचं एक कडं केलं, तो गॉथांच्या बैलगाड्यांचा कोट. आत त्यांची बायकापोरं. पाण्याचा तांब्या म्हणजे एड्रियानोपल शहर.

"तर हे गॉथ," मी सुरू केलं, "हूणांच्या भीतीने पळत डॅन्यूब नदीच्या काठी आले. म्हणाले, आम्हाला आत घ्या, आम्ही शेती करू, तुमच्या फौजेत नोकरी करू. सम्राट हो म्हणाला. पण नदीवरचे अधिकारी काय लायकीचे होते माहितीये? माणसं भुकेली ठेवली. कुत्र्याच्या मटणाच्या बदल्यात त्यांची पोरं गुलाम म्हणून घेतली. मग ते उठले. का नाही उठणार? बाहेरून पोटासाठी आलेली माणसं. म्हणजे आपणच की गं. आपण गॉथ."

"आपण गॉथ नाही, बाबा. आपल्याकडे रेसिडेन्ट कार्ड आहे."

"भावना समजून घे."

"मला दुसऱ्यांची भावना समजून घ्यायची आहे. शेंगदाण्यांची."

मी ऐकलं नाही. माझी गाडी सुटली होती. गॉथ मूठभर झाले, काटक झाले. त्यांचं घोडदळ घाटात दबा धरून बसलं. रोमन सम्राट पालखीत बसून घाम पुसू लागला. मी आवाज खाली नेला, वर आणला, टेबलावर बोटांनी टापा वाजवल्या. माझ्या वडिलांचा हातखंडा होता तो.

"तिथे घाट नाही," मुलगी वहीतून वर न बघता म्हणाली. "माळ आहे. जेमतेम एक उंचवटा. आणि ते मूठभर नव्हते."

"तुझ्या मिसला कुठे माहितीये?"

"बाबा, त्या शिकवतात ते."

मग तिने मला लढाई सांगितली. पूर्वेकडच्या सम्राटाचा पुतण्या पश्चिमेकडचा सम्राट होता. तो फौज घेऊन मदतीला निघालाच होता. काका, मी पोचेपर्यंत थांबा, असा त्याचा निरोपही आला होता. पण पुतण्याने नुकतीच एक लढाई जिंकली होती आणि काकाला ते खुपत होतं. दरबारातले लोक म्हणाले, कशाला वाट बघायची, यश वाटून घ्यावं लागेल. ऑगस्टचा महिना. सामानसुमान, पाणी, सगळं शहरात ठेवून फौज पहाटे निघाली आणि उन्हातून चालत दुपारी गाड्यांच्या त्या कोटासमोर येऊन उभी राहिली. तहानलेली, उपाशी. गॉथांचं घोडदळ लांब चारा आणायला गेलेलं, म्हणून ते वेळ काढत होते. वाटाघाटींना माणूस पाठवायचे, रोमन म्हणायचे, हा नको, मोठा माणूस पाठवा, मग त्याची तयारी होईपर्यंत आणखी वेळ. वर गवत पेटवून दिलेलं, त्याचा धूर. तास जात होते आणि फौज उभीच होती.

"आणि मग?" बायकोने विचारलं. ती हातातलं लाटणं तसंच धरून दारात येऊन उभी होती. माझ्या लढायांना ती कधी दारात येत नाही.

"मग कुणीच हुकूम दिला नाही," मुलगी म्हणाली. "एका तुकडीला उभं राहवेना. ती आपोआप पुढे गेली. लढाई चुकून सुरू झाली. तेवढ्यात घोडदळ परत आलं, आणि रोमन इतके दाटीवाटीने चेंगरले की तलवार उचलायला जागा नव्हती. सम्राटाचं प्रेतसुद्धा सापडलं नाही." तिने टेबलाकडे पाहिलं. "रोमन कुठे गेले?"

टेबलावर चार दाणे उरले होते. बोलता बोलता रोमन फौज मी खाऊन टाकली होती.

"हे सगळं आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "पण ते जे उभे होते ना, त्यांना आतून कसं वाटत होतं ते नाहीये. ते कुठेच लिहिलेलं नाही. तू उन्हात काम केलंयस. कसं वाटतं?"

"काही नाही गं. सवय होते," मी म्हणालो आणि उरलेले चार रोमन उचलले.

तिने वही मिटली. तिला काहीतरी हवं होतं आणि मी ते दिलं नाही, एवढं मला कळलं. पण उन्हातला थकवा ही काय सांगण्यासारखी गोष्ट आहे? त्यात पुढे काही घडत नाही. आमच्या घरातल्या गोष्टींमध्ये पुढे काहीतरी घडावं लागतं.

रविवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला ईसा टाऊनला शाळेत घेऊन गेलो. शनिवारी रात्रपाळी झाली होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. वर्गात टेबलापाशी मिस, समोर माझी मुलगी, आणि मागच्या बाकावर मी. बाक सहावीच्या मुलाच्या मापाचा असावा. गुडघे कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं.

मुलीने सुरुवात केली. कुठलाही हावभाव नाही, आवाजात चढउतार नाही. मला कसंसंच झालं. तिने नदी सांगितली, काका-पुतण्या सांगितले, पहाटेची चाल सांगितली. म्हणाली, दुपार झाली आणि फौज उभी राहिली. पाणी नव्हतं.

आणि ती थांबली.

मी मनात पाचपर्यंत मोजलं. मिस तिच्याकडे बघत होत्या. ती भिंतीकडे बघत होती. मी दहापर्यंत मोजलं. ती अडकली होती, माझी पोर पुढचं विसरली होती, आणि फ्रिजच्या पायाखालचं ते माहितीपत्रक मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

"अँड देन," मी मागून म्हणालो, "द हॉर्सेस केम."

दोघींनी वळून पाहिलं. तिथे मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी उठून उभा राहिलो. बाक माझ्याबरोबर थोडा उठला. पुढची तीन मिनिटं मी इंग्रजी, हिंदी आणि हात ह्यांच्या साहाय्याने घोडदळ उतरवलं. तलवारी अडकवल्या, धूर सोडला, सम्राटाला पाडलं. बाकावर टापाही वाजवल्या. माझ्या आठवणीप्रमाणे मी कुठेतरी घाटही घातला.

मिस केरळकडच्या, पन्नाशीच्या, अतिशय सभ्य. त्यांनी मला पूर्ण होऊ दिलं. मग हिंदीत म्हणाल्या, "सर, बहुत अच्छा. लेकिन ॲडमिशन आपको चाहिए या इनको?"

त्या हसत होत्या, पण कागदावर त्यांनी काही लिहिलं नाही, हे मी पाहिलं. मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, मंगळवारी पुन्हा येशील का? एकटी.

परत येताना आम्ही उन्हात तापलेल्या गाडीत बसलो. माझ्या गाडीचा एसी महिनाभर गरम हवा सोडत होता. अख्ख्या हॉटेलचे एसी चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीसाठी वेळ झाला नव्हता. मुहर्रकच्या पुलावर पुढे काहीतरी ठोकलं होतं आणि गाड्यांची रांग जागच्या जागी उभी. काचा खाली केल्या तर बाहेरची हवा आतल्याहून गरम. समुद्र दोन्ही बाजूंना, आणि त्याचा काही उपयोग नाही.

"मी अडकले नव्हते," ती म्हणाली. "मी थांबले होते. मुद्दाम. ते लोक उभे होते ना उन्हात, तर मिसनाही थोडं उभं ठेवायचं होतं. त्यांना वाटायला हवं होतं की आता काहीतरी होऊ दे."

मी स्टीअरिंगवर हात ठेवून बसलो. तीस वर्षं गोष्टी सांगतोय, आणि मध्ये थांबायचंही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण मी बोलत असेन.

"कॉमर्स लागलं तर लागलं," ती म्हणाली. ते तिने ज्या आवाजात म्हटलं तो मला ओळखीचा वाटला. रात्रपाळीच्या शेवटी माझा तसा असतो.

रांग हलत नव्हती. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून, आणि तिच्याकडे बघायला लागू नये म्हणूनही, मी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत बोलायला लागलो.

"मी इथे आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्हाला एका इमारतीच्या छतावर चढवलं होतं. आम्ही सहा जण. एक मोठं यंत्र जागेवर बसवायचं होतं आणि त्यासाठी क्रेन येणार होती. पहाटे पाचला आम्ही वर. क्रेन नाही. खाली उतरायचं नाही, कारण क्रेन कधीही येईल. दर अर्ध्या तासाने खालून फोरमन ओरडायचा, यल्ला, पाच मिनिटं, निघालीये. आता उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम बंद असतं. तेव्हा तसं नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. हेच तर. पहिल्या तासाला आम्ही विनोद केले. दुसऱ्या तासाला क्रेनवाल्याला शिव्या दिल्या. नंतर कुणीच बोललं नाही. पाण्याच्या बाटल्या चहासारख्या तापल्या होत्या. सावली एकच, टाकीची, हातभर रुंद. त्यात आळीपाळीने डोकं ठेवायचं, बाकी अंग बाहेर. माझी पाळी संपली की मी बाजूच्या माणसाचा द्वेष करायचो. चांगला माणूस होता. बिहारचा."

"घरची आठवण यायची?"

"नाही. तसं सांगितलं तर बरं दिसेल, पण नाही. डोक्यात काहीच नव्हतं. क्रेन यावी असंही नंतर वाटेना. येऊ दे नाहीतर येऊ नको दे, पण कुणीतरी काहीतरी एक सांगा, एवढंच. उभं राहण्याने माणूस थकत नाही गं. आता होईल, आता होईल, ह्याने थकतो."

ती माझ्याकडे बघत होती. मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

"आणि मग एकाला राहवेना. त्याने कुणाला न विचारता यंत्राखाली पहार घातली आणि म्हणाला, चला, आपणच सरकवू. बाकीचे उठले. यंत्र सरकलं, घसरलं आणि पडलं. एकाची करंगळी खाली आली."

तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. माझी डावी करंगळी पहिल्या पेरापासून वाकडी आहे. घरात सगळ्यांना माहितीये, ती एका किल्ल्याचा कडा चढताना दोर सुटून वाकडी झाली. त्या कड्याची गोष्ट माझ्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे.

"किल्ला?" ती म्हणाली.

"मफी किल्ला," मी इथल्या अरबीत म्हणालो. "किल्लाबिल्ला काही नाही."

"म्हणजे तो तूच. हुकूम नसताना पुढे गेलेला. तेव्हापण."

'पण' वर तिने जोर दिला नाही, तरी मला तो ऐकू आला.

"क्रेन आली का शेवटी?"

"दुसऱ्या दिवशी. सकाळी सातला. थंड हवेत."

ती हसली नाही. पिशवीतून वही काढून गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला लागली. घामाने कागद हाताला चिकटत होता. आमच्या मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला तेव्हा कळलं की पुढची रांग केव्हाच सुटली होती.

मंगळवारी मी तिला शाळेच्या दाराशी सोडलं आणि गाडी भिंतीच्या कडेला लावली. हॉटेलमधून फोन आला, चौथ्या मजल्यावर गार हवा येत नाही. म्हटलं, तासाभराने येतो. पलीकडचा माणूस म्हणाला, सर, गेस्ट चिडलेत. म्हटलं, चिडू देत, थांबायला सांग. बायकोचा मेसेज आला, "अहो, आत गेला नाहीत ना?" मी उत्तर म्हणून स्टीअरिंगचा फोटो पाठवला. तिचा पुन्हा मेसेज, "हात दाखवा." मी वाकड्या करंगळीसकट हात स्टीअरिंगवर ठेवून दुसरा फोटो पाठवला.

पंचवीस मिनिटं गेली. वॉचमनने त्याच्या केबिनमध्ये येऊन बसा असं दोनदा सांगितलं. मी गेलो नाही. तिथून वर्गाची खिडकी दिसत होती, आणि मला माझा भरवसा नव्हता.

ती आली. गाडीत बसली, दार ओढून घेतलं, आणि डॅशबोर्डवरची बाटली उचलून तोंडाला लावली. पाणी चहासारखं तापलं होतं. तिने तोंड वाकडं केलं, पण प्यायली.

"काय म्हणाल्या?"

"मी थांबले तेव्हा त्याही थांबल्या. खूप वेळ. मग विचारलं, सैनिकांबद्दलचं हे कुठे वाचलंस. मी म्हटलं, माझा सोर्स बाहेर पार्किंगमध्ये बसलाय."

"मग?"

"मग म्हणाल्या, त्यांना तिथेच बसू दे."

गुरुवारी यादी लागली. शेवटून दुसरं नाव तिचं होतं. बायकोने शिरा केला. मुलीने फ्रिज कलता केला, कॉमर्सचं माहितीपत्रक काढलं आणि केराच्या डब्यात टाकलं. फ्रिज तेव्हापासून पुन्हा डुगडुगतो. मला अजून वेळ झालेला नाही.

पुढच्या शुक्रवारी घरी पाहुणे होते, बायकोच्या ऑफिसातली दोन कुटुंबं. हात धुऊन झाल्यावर सगळे सवयीने माझ्याकडे वळून बसले. मी म्हटलं, आज ही सांगेल. ती आधी नको म्हणाली, मग खुर्ची ओढून बसली आणि मराठीत सुरू केलं. अडखळत, क्रियापदं पुढेमागे करत. नदी झाली. काका-पुतणे झाले. त्यावर एक गृहस्थ खोकले, त्यांचं पुतण्याशी काहीतरी असावं. पहाटेची चाल झाली.

"दुपार झाली," ती म्हणाली. "ते उभे होते. पाणी नव्हतं. नुसते उभे होते."

आणि थांबली.

खोलीत एसीची घरघर तेवढी राहिली. एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या यजमानांनी पाहिलं. मुलगी अडकलीये, बापाने आता सांभाळून घ्यावं, असं ते पाहणं होतं. माझ्या पुढ्यात दाण्यांची वाटी होती. मी एक दाणा तोंडात टाकला आणि चावायचाही थांबलो.